बालीतली कारागिरांची गावं आणि जुनी मंदिरं: सोलापूरहून जाताना या चुका टाळा

सोलापुरातून बालीला जाणाऱ्यांच्या पॅकेजमध्ये एक दिवस ठरलेला असतो: बाटिक, चांदी, लाकूडकाम, एखादी गुंफा, भातशेतीचे टप्पे आणि संध्याकाळी परत. कागदावर हे सहज जमतं, कारण देनपासारहून उबुदला जाणाऱ्या एकाच रस्त्यावर तोहपाती (बाटिक), बातुबुलान (दगडकाम), चेलुक (चांदी), सुकावती (बाजार), बातुआन (चित्रं) आणि मास (लाकूडकाम) ओळीनं लागतात. पण त्या दिवशी गाव कुठलंच बघून होत नाही. बघून होतात ती रस्त्यालगतची मोठी शोरूम्स.

ड्रायव्हर नेईल तिथं उतरणं

बस उभी राहील एवढी जागा, दारात दोन कारागीर काम करत बसलेले, आत वातानुकूलित दालन. अशा ठिकाणी गाडी आणणाऱ्याला बहुतेक वेळा कमिशन असतं आणि ते तुमच्याच किमतीत धरलेलं असतं. त्यात ड्रायव्हरचा दोष काढण्यात अर्थ नाही. कमी भाड्याची गाडी त्याच हिशोबावर चालते. गाडी दिवसाच्या पूर्ण भाड्यानं ठरवा आणि ‘आम्ही सांगू तिथंच थांबायचं’ हे आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. गावं दोनच निवडा. चेलुक किंवा मासमध्ये मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत चालत गेलात, की घराच्या अंगणात बसून काम करणारी माणसं दिसतात. सकाळी लवकर जा, दुपारनंतर हात थांबलेले असतात.

अंतराचाही अंदाज चुकतो. तीस-पस्तीस किलोमीटरला दीड तास सहज लागतो. आपल्याकडच्या पुणे हायवेचं गणित तिथं चालत नाही.

पाडवा बघून तारीख ठरवणं

बालीतही शक संवत्सर चालतं. त्यांचं नववर्ष म्हणजे न्येपी. त्या दिवशी पहाटे 6 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 6 पर्यंत सगळं बेट बंद असतं. विमानतळसुद्धा बंद, आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. 2023 आणि 2026 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले. त्यामुळे दाते पंचांग उघडून पाडव्यावरून न्येपी ठरवायचा मोह होतो. तसं करू नका. 2024 मध्ये न्येपी 11 मार्चला होती आणि पाडवा 9 एप्रिलला, कारण अधिक महिन्यांचा हिशोब दोन्हीकडे वेगळा आहे. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची न्येपी आणि गालुंगान (बालीतला मोठा सण), दोन्ही तारखा पाहा. गालुंगान दर 210 दिवसांनी येतो. तेव्हा मंदिरं आणि रस्ते सजलेले असतात, पण कारागीर कामावर नसतात.

कापड हातानं न तपासणं

ही चूक सोलापूरकरांनी तरी करू नये. चादर उलटी करून बघायची सवय इथं घरोघर आहे, तीच तिथं वापरायची.

बालीचं एंदेक म्हणजे बाण्याचा इकत: बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत आधी बांधून रंगवायचं, मग विणायचं. तेंगानान गावचं गेरिंगसिंग त्याच्या पुढचं, त्यात ताणा (उभा धागा) आणि बाणा दोन्ही आधीच रंगवलेले असतात. असं दुहेरी इकत जगात मोजक्या ठिकाणी होतं. आपल्याकडे पाटणचा पटोला आणि तेलंगणातलं काही काम. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

छापील कापड इकत म्हणून सर्रास विकलं जातं. कापड उलटं करा. मागची बाजू फिकी असेल तर छपाई. पातळ कापडात रंग आरपार जातो आणि ही खूण फसते, म्हणून कडेचा एक धागा ओढून बघा. इकतच्या धाग्यावर रंगाचे सलग तुकडे असतात आणि रंग धाग्याभोवती सगळीकडून चढलेला असतो. छापील कापडाचा धागा जिथं दुसऱ्या धाग्याखाली दबला होता तिथं पांढुरका राहतो. नक्षीची कडाही बघा. एंदेकमध्ये ती फक्त आडवी विस्कटते, गेरिंगसिंगमध्ये आडवी-उभी दोन्हीकडे. अगदी रेखीव कडा असेल तर संशय घ्या.

गेरिंगसिंगच्या सुताला आधी तेल पाजतात. मग निळीचा निळा आणि बारतोंडीच्या जातीतल्या झाडाच्या मुळांच्या सालीचा लाल चढवतात. एका कापडाला वर्षं लागू शकतात. पाचशे-हजार रुपयांत ‘गेरिंगसिंग’ मिळालं, तर ते गेरिंगसिंग नव्हे.

किमतीतली शून्यं मोजताना घाई नको. 1,00,000 रुपिया म्हणजे साधारण पाच-साडेपाचशे रुपये.

चांदीवर 925 चा, म्हणजे 92.5 टक्के शुद्धतेचा शिक्का बघा, पण केवळ त्यावर विसंबू नका. लोहचुंबकानं फक्त लोखंड पकडता येतं. तांबं-पितळ त्यालाही चिकटत नाही. वजनावर भाव असेल तर खडे वजनात धरलेत का, हे आधी विचारा.

मंदिरात भलतंच शोधणं

गोवा गजा म्हणजे ‘हत्ती गुंफा’, म्हणून लोक हत्ती शोधतात. आत इंग्रजी टी आकाराची छोटी गुंफा आहे, एका टोकाला गणपती आणि दुसऱ्या टोकाला तीन लिंगं. दहा मिनिटांत बघून माघारी फिरू नका. मागच्या पायऱ्यांनी ओढ्याकडे उतरलात, तर कोसळलेल्या बौद्ध शिल्पांचे तुकडे दिसतात. गुनुंग कावीला वेरूळची सवय आड येते. 11व्या शतकात कड्यात कोरलेली सुमारे सात मीटर उंचीची ही दहा देवळं आतून पोकळ नाहीत. समोर दिसतं तो फक्त दर्शनी भाग, तेव्हा गाभारा शोधत बसू नका. तिथं सुमारे तीनशे पायऱ्या आहेत आणि चढण परतीला लागते, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच जावं.

तीर्ता एम्पुल हे पवित्र झऱ्याचं मंदिर, जिथं धारांखाली स्नान करतात, तिथून अगदी जवळ, तेव्हा दोन्ही एकाच सकाळी करा, आधी तीर्ता एम्पुल. तिथल्या काही धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या असतात. रांगेत पुढच्याचं बघून सगळ्यांखाली डोकं घालू नका, कुठल्या सोडायच्या ते विचारा. साराँग (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) आणि कंबरपट्टा सगळीकडे लागतो. पाळीच्या दिवसांत प्रवेश नाही, अशा पाट्याही दिसतील.

पूर्वेकडे क्लुंगकुंग आणि तेंगानान एका दिवसात जमतात. क्लुंगकुंगच्या कर्ता गोसा या जुन्या न्यायमंडपाच्या छतावर, आईवडिलांच्या सुटकेसाठी नरकात उतरलेला भीम रंगवला आहे. सध्याची चित्रं 20व्या शतकात पुन्हा रंगवलेली आहेत, पण शैली कामासान गावचीच.

लाकूड थेट सोलापूरच्या उन्हाळ्यात आणणं

बालीची हवा दमट, आपला एप्रिल-मे कोरडा आणि 42-43 अंशांचा. अर्धवट वाळलेली मूर्ती इथं आली की बुंध्याकडून भेग धरते. घेताना तळ बघा. आकाराच्या मानानं जड आणि हाताला गार लागणारा नग सोडून द्या. ‘शिसवी’ म्हणून दाखवलेल्या मूर्तीवर ओलं पांढरं फडकं घासा. काळा रंग उतरला तर ते पॉलिश आहे. घरी आणल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून महिनाभर सावलीत राहू द्या. कूलर-एसीसमोर किंवा खिडकीत ठेवू नका. भेग पडलीच तर लगेच लांबी (पुट्टी) भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की कडक लांबी त्याला उलट आणखी फाडते. रंग मिसळलेलं मेण भरा, ते लाकडाबरोबर हलतं.