गणेशोत्सवाच्या रोषणाईसाठी पावसात टिकणारा प्लास्टिकचा डबा

बेळगाव, खानापूर, निपाणी या सगळ्या पट्ट्यात गणेशोत्सव पावसातच साजरा होतो, आणि खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटीच्या बाजूला, पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे तेव्हाही पाऊस सरला असेल असे धरून चालता येणार नाही. हल्लीच्या पिक्सेल एलईडीच्या (प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या) बहुतेक माळांमध्ये प्रत्येक दिवा रेझिनमध्ये बंद केलेला असतो, त्यामुळे माळ भिजली तरी बहुधा काही होत नाही. बिघडतात ते कंट्रोलर (दिव्यांचे रंग आणि हालचाल ठरवणारे सर्किट), एसएमपीएस (२३० व्होल्टची वीज ५ किंवा १२ व्होल्टवर आणणारे उपकरण) आणि वायरींचे जोड. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर चिकटपट्टी मारण्याची पद्धत अनेक मंडळांत आहे, परंतु ती पिशवी पाणी अडवण्यापेक्षा साठवून ठेवण्याचेच काम अधिक करते.

डबा बनवण्यापूर्वी पाणी आत कसे जाते हे समजून घेणे आवश्यक आहे. रोषणाई चालू असताना डब्यातील हवा तापून प्रसरण पावते आणि थोडीथोडी बाहेर पडते. मध्यरात्री दिवे बंद झाले किंवा अचानक सर आली की तीच हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि डबा बाहेरची हवा आत ओढून घेतो. त्या वेळी झाकणाच्या फटीवर किंवा ग्लँडच्या (वायर डब्यात शिरते तिथे बसवायच्या, आत रबर असलेल्या बुचाच्या) आट्यांवर पाणी साचलेले असेल, तर हवेबरोबर तेही आत जाते. शिवाय दमट हवेतील बाष्प आतल्या भिंतींवर थेंबांच्या रूपाने जमते. म्हणून वरचा भाग आणि चारही बाजू पूर्ण बंद ठेवाव्यात, सर्व वायरी तळातूनच आत घ्याव्यात आणि आत आलेल्या पाण्याला तळातून बाहेर जाण्यासाठी वाट ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

डबा निवडताना २३० व्होल्टचा भाग आणि कमी व्होल्टेजचा भाग वेगळे ठेवावेत. २३० व्होल्टचे जोड आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) यांच्यासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा, आग न पकडणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा आयपी ६५ दर्जाचा जंक्शन बॉक्सच घ्यावा. या दर्जातील ६ चा अर्थ धूळ पूर्ण बंद, आणि ५ चा अर्थ कोणत्याही बाजूने आलेली पाण्याची धार सहन होते. मात्र हा दर्जा भोके न पाडलेल्या डब्याचा असतो, हे विसरू नये. ५ किंवा १२ व्होल्टवर चालणाऱ्या कंट्रोलरसाठी चार बाजूंनी कड्या असलेला, झाकणात रबरी पट्टी असलेला स्वयंपाकघरातील डबा दहा-अकरा दिवसांसाठी पुरतो. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि उन्हात कालांतराने ठिसूळ होतो, म्हणून देवळाच्या शिखरावर वर्षभर राहणाऱ्या रोषणाईसाठी तो वापरू नये.

सर्वाधिक काळजी ग्लँडबाबत घ्यावी लागते. ग्लँडची टोपी आवळली की आतले रबर वायरीच्या भोवती दाबले जाते, आणि हा दाब सर्व बाजूंनी सारखा पडला तरच पाणी थांबते. चपट्या दोन तारी वायरीच्या दोन्ही कडांना, किंवा एकत्र पिळलेल्या सुट्या तारांच्या मधे, रबर पोहोचत नाही आणि तिथे फट राहते. म्हणून डब्यात शिरणारी प्रत्येक वायर गोल आवरणाची घ्यावी आणि एका ग्लँडमधून एकच वायर न्यावी. पीजी ७ हा ग्लँड साधारण ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीच्या वायरीला आणि पीजी ९ हा ४ ते ८ मिलिमीटरच्या वायरीला बसतो. त्यांची भोके अनुक्रमे सुमारे १२.५ आणि १५.५ मिलिमीटरची लागतात. भोक स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होणाऱ्या ड्रिलने), हलक्या दाबाने पाडावे, कारण साधे मोठे ड्रिल पातळ प्लास्टिकला पकडून तडा पाडते. भोकाची कड कटरने साफ करावी, आणि ग्लँडची रबरी चकती डब्याच्या बाहेरच्या बाजूने बसवावी.

तळातील सर्वांत खालच्या कोपऱ्यात ४ ते ५ मिलिमीटरचे एक भोक ठेवावे. ते याहून बारीक असेल तर थेंब त्यातच अडकून राहतो. आमच्याकडे मुंग्या आणि पाली उबदार डब्यात हमखास शिरतात, म्हणून त्या भोकावर आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवावा. असे भोक असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवण्याचा उपयोग नाही. त्या लवकरच ओल्या होतात. कंट्रोलर तळावर न ठेवता सनबोर्डच्या (हलक्या प्लास्टिक फोमच्या) पट्टीवर स्क्रूने बसवून ती पट्टी तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहील अशी उभी लावावी.

एसएमपीएस मात्र बंद डब्यात ठेवू नये. १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस ३६० वॅटचा असतो, आणि त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर पूर्ण भारावर साठ वॅटहून अधिक उष्णता बाहेर पडते. एवढी उष्णता प्लास्टिकच्या लहान डब्यातून निघून जात नाही. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातील, आतून रेझिन भरलेला आयपी ६७ दर्जाचा (थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा) एसएमपीएस मंडपाच्या आडोशाला उघडाच टांगावा. बाजारात रेनप्रूफ म्हणून मिळणारा जाळीदार प्रकार केवळ उभा टांगल्यावरच पाऊस अडवतो, आडवा ठेवल्यास नाही.

फटी बुजवण्यासाठी सिलिकॉन वापरायचे असल्यास व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये, कारण त्यातील आम्ल तांब्याला खाते. न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले घ्यावे.

डबा टांगताना प्रत्येक वायरीला ग्लँडच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. डबा विजेच्या खांबाला बांधू नये आणि जमिनीवरही ठेवू नये. कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या मिरवणुकीतील ट्रॉलीवर लावायचा असल्यास हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, म्हणून तारांच्या टोकांना लग (धातूची छोटी टोपी) दाबून मगच त्या टर्मिनलमध्ये आवळाव्यात.

वीज जोडण्यापूर्वी रिकाम्या डब्यात वर्तमानपत्राचा कागद घालून, झाकण लावून, त्यावर वरून आणि बाजूंनी पंधरा मिनिटे नळीने पाणी मारावे. कागदावर डाग जिथे दिसेल तिथला ग्लँड किंवा रबरी पट्टी पुन्हा बसवावी. त्यानंतर २३० व्होल्टचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) तात्पुरत्या जोडणीनंतर लगेच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा, एसएमपीएसचे धातूचे आवरण अर्थिंगला जोडावे आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण रोज संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी एकदा दाबून पाहावे. ते दाबल्यावर वीज तुटली नाही, तर त्या दिवशी रोषणाई लावू नये.