जुन्या बाजारातला कॅमेरा: पारख आणि पावसाळ्यातली निगा

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिल्मचा कॅमेरा पाहायला जाताना खिशात एक लहान विजेरी असावी. लेन्स सुटी करता येत असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत येण्याचे लहानमोठे होणारे छिद्र, पूर्ण उघडून एका बाजूने उजेड टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. थोडी धूळ चित्रात उमटत नाही. परंतु कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते, आणि ती काचेवरचा लेप खात असल्याने साफ केल्यावरही व्रण राहू शकतो. भाव कितीही उतरला तरी अशी लेन्स मी घरी आणत नाही.

त्यानंतर मागचे दार उघडून शटरचा, म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड पडू देणाऱ्या पडद्याचा, प्रत्येक वेग चालवून पाहावा. आतले वंगण घट्ट झाले की संथ वेग आधी अडखळतात, म्हणून एका सेकंदाचा वेग मनगटी घड्याळाशी ताडून पाहणे सर्वांत उपयोगी. झोर्कीसारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत मात्र चावी फिरवून शटर ताणल्यावरच वेगाची चकती फिरवावी, अन्यथा यंत्रणा बिघडू शकते. विक्रेता हौसेने आधीच चकती फिरवू लागला तर त्याला अदबीने थांबवावे. दाराच्या कडेचा उजेड अडवणारा स्पंज चिकट झाला असेल तर तो बदलता येतो, पण घासाघीस करताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या जुन्या अनेक मीटरांना लागणारी १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही आणि १.५ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर बहुधा उजेड जास्त दाखवतो. त्यापेक्षा लख्ख उन्हात १०० आयएसओच्या (फिल्मच्या संवेदनशीलतेचे माप) रोलसाठी अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटर १/१२५ सेकंद हे माप धरावे. अनेक मराठी घरांच्या माळ्यावर सापडणाऱ्या आग्फा क्लिक ३ या साध्या कॅमेऱ्यात मीटर नसतोच. त्यात १२० चा (रुंद फिल्मचा) रोल भरला की बारा चौकोनी चित्रे मिळतात.

जूनपासून खरी कसोटी लागते. चामड्याची केस ओलावा धरून ठेवते, म्हणून ती वेगळी काढून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह ठेवावा व आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. निळे जेल गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करावे, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सर्व वेगांवर शटर चालवावे आणि परत ठेवताना ते ताणलेले ठेवू नये.