आयसीयूत अवयवदानाचा विषय कोणी आणि कधी काढायचा

रुग्णालयाची कार्यपद्धती लिहिताना पहिलं कलम हेच ठेवा: माणूस गेल्याचं उपचार करणारे डॉक्टर सांगतील; अवयवदानाचं नंतर, वेगळ्या बैठकीत, ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर (अवयवदानाचं काम बघणारा रुग्णालयाचा समन्वयक) विचारेल. एकाच माणसाने दोन्ही उरकलं की ‘अवयवांसाठीच सोडून दिलं का?’ ही शंका येते आणि मग काही केल्या जात नाही. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११च्या दुरुस्तीने रुग्णालयावर विचारण्याची जबाबदारी टाकली आहे, होकार मिळवून देण्याची नाही.

ब्रेन डेथच्या (मेंदू कायमचा बंद पडला, म्हणजे मृत्यूच, याच्या) चाचण्या चार डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करतं. प्रत्यारोपणाच्या टीममधलं त्यात कोणी नको. ब्रेन डेथच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म १० वर, चौघांच्या सह्या होईपर्यंत कोऑर्डिनेटरने थांबावं. पण घरच्यांना तोवर अंधारात ठेवू नका. व्हेंटिलेटर बाजूला करून स्वतःचा श्वास येतो का ते कसं बघतात, हे पहिल्या चाचणीआधीच सांगा. मणक्यातल्या रिफ्लेक्समुळे बोटं हलू शकतात, तेही. छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसताहेत, अशात एखादी सिस्टर सवयीने ‘पेशंट स्टेबल आहे’ म्हणाली की सगळं फिसकटतं. म्हणून प्रत्येक ड्यूटी बदलताना नव्या सिस्टरला याचा निरोप द्या.

बोलायला दार लागणारी खोली हवी, बिलिंग काउंटरसमोरचा बाक नव्हे. नागपुरात गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याहून माणसं येतात. मोठा भाऊ वाटेत असेल तर त्याची वाट बघा. सुरुवात प्रश्नाने करा: ‘काकाजी, डॉक्टरांनी काय सांगितलं तुम्हाला?’ उत्तरात ‘अजून आशा आहे’ आलं, तर विषय काढू नका, डॉक्टरांना परत बोलवा.

बहुतेकदा बोलतो मामा किंवा दीर. कायद्याच्या ‘जवळच्या नातेवाइकां’त मात्र ते येत नाहीत. संमतीच्या फॉर्म ८ वर सही पती-पत्नी, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा किंवा नातवंडं यांपैकी कोणाची घ्या. गेलेली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर आई किंवा वडिलांची, फॉर्म ९ वर. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेममुळे किती वेळ जाईल, ते सहीआधी सांगा.

‘आधीचं बिल माफ करतो’ असं चुकूनही म्हणू नका. तो अवयवांचा व्यवहार ठरतो. होकारानंतर शरीर टिकवण्याचा, अवयव काढण्या-नेण्याचा खर्च मात्र घरच्यांवर टाकता येत नाही. अवयव कोणाला मिळेल याचा शब्दही देऊ नका, वाटप झेडटीसीसी (विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती) करते.

नकार आला तर फाइलवर नोंद करून विषय बंद. दुसरा डॉक्टर पाठवून पुन्हा विचारायचं नाही, आणि बॉडीचे कागद अडकवायचे नाहीत.