थ्रेड कॅन्सल करताना प्रोग्रॅम कोसळत असेल, तर दोष कसा शोधावा

लिनक्सवरचा सी++ मधील सर्व्हर एरवी नीट चालतो आणि नेमका बंद करताना किंवा एखादी जोडणी तोडताना कोसळतो, असे दिसल्यास कोडमध्ये थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा धागा) रद्द करणारे 'पीथ्रेड_कॅन्सल' आहे का, हे प्रथम पाहावे. हे फंक्शन थ्रेडला तत्काळ थांबवत नाही, तर थांबण्याची विनंती पाठवते; आणि नेहमीच्या 'डिफर्ड' प्रकारात थ्रेड 'रीड', 'स्लीप', 'पीथ्रेड_कॉन्ड_वेट' यांसारख्या कॅन्सलेशन पॉइंटवर आला की मगच ती अमलात येते. म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) धरणारे 'पीथ्रेड_म्यूटेक्स_लॉक' हा असा पॉइंट नाही, हे ध्यानात ठेवावे.

कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) मिळवून जीडीबी या डीबगरमध्ये 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही आज्ञा द्यावी आणि कोसळलेल्या थ्रेडच्या स्टॅकमध्ये (चालू फंक्शनांच्या साखळीत) '_अनवाइंड_फोर्स्डअनवाइंड' हे नाव शोधावे. ते आढळले, तर थ्रेड कॅन्सल होऊन त्याचा स्टॅक उलगडला जात असतानाच प्रोग्रॅम पडला, असे समजावे.

यानंतर शेवटचा त्रुटीसंदेश वाचावा. 'फेटल: एक्सेप्शन नॉट रीथ्रोन' असे छापले गेले असेल, तर कुठेतरी 'कॅच' मध्ये तीन टिंबे लिहून सर्व अपवाद (एक्सेप्शन) गिळलेले असतात. ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी कॅन्सलेशन अपवादाच्याच यंत्रणेने राबवते, त्यामुळे असा 'कॅच' त्यालाही अडवतो. त्या 'कॅच' च्या आधी 'एबीआय::__फोर्स्ड_अनवाइंड' वेगळा पकडून 'थ्रो' ने पुढे पाठवावा. 'टर्मिनेट कॉल्ड' असा संदेश आला, तर वाटेतले एखादे 'नोएक्सेप्ट' (अपवाद बाहेर जाऊ न देणारे) फंक्शन तपासावे. सी++११ पासून डिस्ट्रक्टरही (वस्तू नष्ट होताना चालणारी फंक्शने) सहसा 'नोएक्सेप्ट' असतात, आणि त्यांच्यात लॉग लिहिणारा एक 'राइट' (हाही कॅन्सलेशन पॉइंटच) पुरेसा ठरतो. स्टॅक उलगडण्यासाठी लागणारी 'लिबजीसीसी_एस' सापडत नसल्याचा संदेश असेल, तर ती लायब्ररी प्रोग्रॅम चालतो त्या कंटेनरमध्ये घालावी.

संदेशच नसेल, तर काम अवघड होते, कारण बिघाड एका थ्रेडमध्ये होतो आणि कोसळतो भलताच थ्रेड. कॅन्सल झालेल्या थ्रेडने स्वतःच्या स्टॅकवरील बफरचा पत्ता रांगेत टाकलेला असतो, आणि दुसरा थ्रेड नंतर त्याच पत्त्यावर लिहितो. म्हणून इतर थ्रेडना दिलेली प्रत्येक वस्तू हीपवर (थ्रेड संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) ठेवावी आणि ॲड्रेससॅनिटायझर हे मेमरीतील चुका पकडणारे साधन लावून पुन्हा चालवून पाहावे. प्रोग्रॅम कोसळण्याऐवजी अडकत असेल, तर लॉक धरलेला थ्रेडच गेला असावा. सी कोडमध्ये यासाठी 'पीथ्रेड_क्लीनअप_पुश' वापरून कॅन्सल होताना चालणारा हँडलर नोंदवावा. 'पीथ्रेड_कॉन्ड_वेट' मध्ये कॅन्सल झाल्यास हँडलर चालण्यापूर्वी म्यूटेक्स पुन्हा धरला जातो, म्हणून तो सोडण्याची जबाबदारी हँडलरचीच असते. 'असिंक्रोनस' (कोणत्याही क्षणी कॅन्सल होऊ देणारा) प्रकार दिसला, तर तो आधी काढावा, कारण मेमरी मागणाऱ्या 'मॅलॉक' च्या मध्येच थ्रेड तुटला तर हीप कोणत्याही थ्रेडच्या भरवशाची राहत नाही. जॉइन झालेल्या थ्रेडचे जुने हँडल वापरून केलेला कॅन्सलही असाच घातक असतो.

माझ्या मते नव्या कोडमध्ये 'पीथ्रेड_कॅन्सल' वापरूच नये. अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीमध्ये ते मुळातच नाही, आणि सी++२० मधील 'जेथ्रेड' व 'स्टॉप_टोकन' थांबण्याची विनंती उघडपणे तपासू देतात. 'पोल' मध्ये (फाइल किंवा जोडणीवरील घटनेची वाट पाहणाऱ्या फंक्शनमध्ये) अडकलेल्या थ्रेडला जागे करण्यासाठी 'इव्हेंटएफडी' (संकेत देण्यासाठीचा फाइल डिस्क्रिप्टर) जोडावा. जुना कोड बदलता येत नसेल, तेथे नाजूक भागापुरते 'पीथ्रेड_सेटकॅन्सलस्टेट' ने कॅन्सलेशन बंद ठेवावे आणि शेवटी ते सरसकट चालू न करता आधी जपून ठेवलेली जुनीच स्थिती परत लावावी. अन्यथा कॅन्सलेशन बंद ठेवून आपल्याला बोलावणाऱ्या फंक्शनचे संरक्षण त्याच्या नकळत निघून जाते.