जुन्या विंडोज एक्सपी संगणकाला आयपी पत्ता आपोआप कसा मिळवून द्यावा

राउटर बदलला की जुन्या संगणकाचं इंटरनेट अनेकदा बंद पडतं, कारण त्यात आयपी पत्त्याचे, म्हणजे नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकाचे, कधीकाळी हाताने भरलेले आकडे तसेच असतात. जुना राउटर १९२.१६८.०.१ वर होता आणि नवा १९२.१६८.१.१ वर आहे, एवढ्यानेही संपर्क तुटतो. डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) चालू केलं की पत्ता, सबनेट मास्क (नेटवर्कची हद्द ठरवणारा आकडा), गेटवे (बाहेर जाण्याचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) हे चारही राउटर स्वतः पुरवतो.

ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून कंट्रोल पॅनलमधलं नेटवर्क कनेक्शन्स उघडा. लोकल एरिया कनेक्शनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. यादीत इंटरनेट प्रोटोकॉल टीसीपी/आयपी हे नाव दिसेल. त्याच्या डाव्या चौकटीतली खूण काढू नका, फक्त नावावर क्लिक करून ते निवडा आणि खालचं प्रॉपर्टीज दाबा. आता दिसतील ते आकडे आधी कागदावर उतरवून ठेवा. परत मागे यायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

वरच्या भागात 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' निवडा. खालच्या भागात डीएनएससाठीही तसाच पर्याय आहे, तोही निवडा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: वरचा पर्याय बदलला जातो, पण खाली जुना डीएनएस तसाच राहतो. मग पत्ता अगदी बरोबर मिळतो, राउटरला पिंगही (संपर्काची चाचणी) लागतं, पण एकही साइट नावाने उघडत नाही. दोन्ही खिडक्या ओके करूनच बंद करा. बाहेरची खिडकी बंद झाल्याशिवाय बदल लागू होत नाही.

विंडोज ९८ मध्ये हेच काम कंट्रोल पॅनलच्या नेटवर्कमध्ये होतं. तिथे आपल्या लॅन कार्डाच्या नावापुढची टीसीपी/आयपीची ओळ निवडायची, डायल-अपची नाही. शेवटी संगणक रीस्टार्ट करावा लागतो.

आता एक्सपीवरची तपासणी. स्टार्ट, रन, सीएमडी, आणि काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग /ऑल ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. डीएचसीपी एनेबल्डपुढे 'येस' हवं. घरगुती राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो राउटरने दिलेला नाही. कोणाचंच उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने तो स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी सेटिंग्जमध्ये पुन्हा पुन्हा खुडबुड करण्याआधी केबल बघा. लॅन पोर्टचा दिवा लागलाय का? प्लगची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर केबल खोचलेली दिसते, पण किंचित सैल असते. दिवा ठीक असेल तर सर्व्हिसेसमध्ये (विंडोजच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांच्या यादीत) डीएचसीपी क्लायंट 'स्टार्टेड' आहे ना, ते पाहा. मग त्याच काळ्या खिडकीत जुना पत्ता सोडायला आयपीकॉन्फिग /रिलीज आणि त्यापाठोपाठ नवा मागायला आयपीकॉन्फिग /रिन्यू द्या.

तरीही पत्ता मिळाला नाही, तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी सर्व्हर बंद नाही ना, याची खात्री करा.

एक्सपीला एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेचे नियमित अपडेट मिळत नाहीत, त्यामुळे जोडणी झाली तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.