दमट हवेत रेड कार्पेटची पैठणी

चित्रपट पुरस्कारांचा सोहळा रत्नागिरी-मालवणकडे असेल, तर अर्धी लढाई घामाशी असते. साडी आदल्या रात्रीच पंख्याखाली पसरून ठेवा; घडीत दमटपणा राहिला तर निऱ्या बसत नाहीत. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती पंचा टाकून. जरीवर अत्तर फवारू नका. चांदीची जर खाऱ्या हवेत आधीच काळवंडते, त्यात अत्तराचे डाग जात नाहीत.

आधी चप्पल घाला, मग साडी नेसा. उलट केलं की काठ एकतर घोट्यावर येतो, नाहीतर टाचेखाली सापडतो, आणि गालिच्यावरचं अडखळणं नेमकं कॅमेऱ्यात येतं. काठ जमिनीपासून बोटभर वर हवा. पाच इंची सहा निऱ्या पुरे; पैठणी जाड, जास्त घेतल्या की पोट फुगलेलं दिसतं. खांद्याची पिन ब्लाउजच्या आतून लावा आणि तिच्यात एक मणी ओवा, म्हणजे पिनेच्या गोल टोकात रेशीम अडकून फाटत नाही. पिना स्टीलच्याच, गंजणाऱ्या नकोत. चिकटपट्टी घामाने सुटते, तिच्यापेक्षा दोन कच्चे टाके बरे. काखेत घामाचे पॅड आधीच शिवून घ्या.

चेहऱ्यावर मेकअपची सिलिकाची पांढरी पावडर फ्लॅशमध्ये पिठासारखी उठते, म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघाच. केसांत काय? मार्च असेल तर सुरंगीचा वळेसर, म्हणजे कोकणातल्या या सुवासिक फुलांचा गजरा. गुलाब कुठेही मिळतात.