क्लासमधली नाती दाखवायला कोणता यूएमएल डायग्राम?

यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी मांडायची प्रमाण भाषा. तिच्या २.५ आवृत्तीत १४ प्रकारचे डायग्राम आहेत. क्लास म्हणजे कोडमधला साचा, आणि त्यावरून बनलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. क्लासमधल्या नात्यांसाठी त्यांतले तीन-चारच कामाचे, आणि बहुतेक वेळा क्लास डायग्रामवरच भागतं. तरी काढायला बसण्याआधी प्रश्न लिहून काढा. ‘एका ग्राहकाच्या किती ऑर्डर असू शकतात?’ हा नियमाचा प्रश्न, त्याला क्लास डायग्राम. ‘ऑर्डर रद्द झाली की कोण कोणाला कळवतं?’ हा क्रमाचा, त्याला सीक्वेन्स डायग्राम. क्लास डायग्रामवरच्या रेषांना १, २, ३ असे आकडे देऊन क्रम सांगावासा वाटला, तर डायग्रामची निवड चुकली आहे. क्लास इतके झाले की पानावर रेषांचा गुंता होतो, तेव्हा वरच्या पातळीला पॅकेज डायग्राम (क्लासचे गट दाखवणारा) काढा आणि तपशील वेगळ्या पानांवर न्या.

कोणती रेषा, हे कोडवरून ठरवा. दुसऱ्या क्लासचा ऑब्जेक्ट फील्डमध्ये (क्लासने साठवलेल्या माहितीत) कायम राहतो? मग असोसिएशन, सलग रेषा. तो मेथडला (क्लासच्या एखाद्या कृतीला) पॅरामीटर म्हणून फक्त येऊन जातो? मग डिपेंडन्सी: तुटक रेषा, आणि ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे उघडा बाण. इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासने पेरेंट क्लासचे गुण घेण्याला, सलग रेषा आणि पोकळ त्रिकोण. इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याची नुसती यादी) राबवला असेल तर त्रिकोण तोच, रेषा तुटक. त्रिकोण नेहमी पेरेंट क्लासच्या किंवा इंटरफेसच्या टोकाला. तो हमखास उलटा काढला जातो.

खरे वाद डायमंडवरून होतात, म्हणजे ‘हा त्याचा भाग आहे’ असं सांगणाऱ्या, रेषेच्या टोकाच्या चौकोनावरून. ऑर्डर डिलीट झाली की तिच्यातल्या नोंदीही जातात, आणि एक नोंद एका वेळी दोन ऑर्डरमध्ये असू शकत नाही. हे कम्पोझिशन; भरीव डायमंड ऑर्डरच्या टोकाला. त्या टोकाला १ किंवा ०..१ (एकही नाही किंवा एकच) याखेरीज काही लिहावं लागत असेल, तर ते कम्पोझिशन नव्हेच. पोकळ डायमंडचा, म्हणजे ॲग्रिगेशनचा, काटेकोर अर्थ यूएमएलनेच मोकळा ठेवला आहे. त्यापेक्षा साधी रेषा काढून दोन्ही टोकांना संख्या लिहिलेली बरी.

क्लास डायग्राम बरोबर आहे का, हे तपासायला ऑब्जेक्ट डायग्राम वापरा; त्यात क्लासऐवजी प्रत्यक्ष ऑब्जेक्ट काढतात. समजा, कर्मचारी क्लासपासून निघून त्याच्याकडेच परतणारी रेषा आहे: मॅनेजरच्या टोकाला ०..१, हाताखालच्यांच्या टोकाला * (म्हणजे कितीही). दिसायला सगळं ठीक. आता तीन ऑब्जेक्ट काढा: ‘अ’चा मॅनेजर ‘ब’, ‘ब’चा ‘क’ आणि ‘क’चा ‘अ’. असलं चक्रही त्या संख्यांमध्ये चोख बसतं! संख्या बदलून ते थांबत नाही; रेषेजवळ महिरपी कंसात ‘{कोणीही स्वतःच्या वरिष्ठांच्या साखळीत नसावा}’ अशी कन्स्ट्रेंट, म्हणजे अट, लिहावी लागते.